साडभाऊ, तुमची चाल

अकोल्यापासून अमरावतीपर्यंत साऱ्या वऱ्हाडात, सतरंजीवर मांडी घालून पत्ते खेळणाऱ्यांत माझ्या साडभावाइतका नीच माणूस दुसरा नाही, हे मी कोणत्याही देवळाच्या पायरीवर उभं राहून सांगायला तयार आहे. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. राहायला अकोटला. एरवी देवमाणूस, कुणाच्या दुखण्याखुपण्याला पहिला हजर. पण एकदा हातात तीन पत्ते आले की त्याच्यात काय संचारतं ते संचारणाऱ्यालाच ठाऊक. आमच्या सासुरवाडीत तीन पत्ती पैशांनी खेळायची मनाई आहे, म्हणून चिंचोके लावतात. आता चिंचोक्यांसाठी माणसानं किती खालच्या थराला जावं? पण हा जातो. पत्ते वाटताना दर पत्त्याला बोट जिभेला लावतो, तेही तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्लेल्या जिभेला! समोरचा विचार करायला लागला की बशीतून चहा असा फुर्रकन ओढतो की विचार करणाऱ्याचा विचारच पळून जातो. आणि तुम्ही घाबरून पॅक केलंत, म्हणजे पत्ते टाकून माघार घेतलीत, की तुमचे टाकलेले पत्ते उलटून बघतो. बघतो तर बघतो, वर चारचौघांना दाखवतो. पत्त्यात याहून मोठं पाप नाही.

हे सगळं एक वेळ सहन करता येईल. सहन होत नाही ती त्याची कीव. हा शिवी देत नाही, आवाज चढवत नाही. समोरच्याकडे डोळे भरून बघतो आणि हळूच विचारतो, "घाम काहून येऊन राहिला जी तुमाले? पानी आनू का?" बस्स, खलास! ज्याला घाम येत नव्हता त्यालाही येतो, आणि तो हातात काहीही नसताना मूठमूठ चिंचोके लावत सुटतो. एकदा मी त्याला विचारलं, हा छळ तू शिकलास कुठून? तर म्हणाला, "हे पाहा साडभाऊ, शिवी देनाऱ्याले मानूस शिवी देते. कीव करनाऱ्याले काय देईन? त्याच्या डोक्यात जाते ते सीधं."

भातकुलीजवळ सासऱ्यांचं शेत आहे. तिथल्या रोडग्यांच्या पार्टीची गोष्ट सांगतो, म्हणजे माझा राग तुम्हाला पटेल. वांग्याची भाजी चुलीवर रटरटत होती, गोवऱ्यांच्या आरात कणकेचे जाड रोडगे भाजायला घातले होते आणि ते उलटायचं काम माझ्याकडे होतं. रोडगा वेळेवर उलटला नाही की त्याचा कोळसा होतो, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. मी उठायला लागलो, तर हा म्हणतो, "जा जी, जा. तुमच्या हातून रोडगेच होईन. पत्ते काई तुमचं काम नोहे." बसलो ना मी परत! पुन्हा उठलो, तर आजूबाजूच्यांना म्हणतो, "जाऊ द्या बिचाऱ्याले, घाबरला तो." पुन्हा बसलो. धूर दिसेपर्यंत बसलो. सगळं सासर पानं मांडून बसलेलं, आणि रोडगे हातात घ्यावेत तर हात काळे. बायकोनं सगळ्यांदेखत माझी अशी काढली की सांगायची सोय नाही. आणि हा माणूस, ज्याच्यामुळे हे सगळं झालं, तो एक काळा रोडगा दातांनी फोडत म्हणतो कसा, "कडक झाले, पन साडभाऊच्या रागापेक्षा नरमच हायेत." सांगा, अशा माणसाला काय करावं?

स्वतःच्या पोरीच्या लग्नातही यानं सोडलं नाही. अकोल्याला लग्न, हळद आटोपलेली, व्याही हौसेनं दोन डाव खेळायला बसले. दुसऱ्याच डावाला यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "व्याहीबुवा, मी पॅक करतो. पोरीच्या बापानं जिंकलेलं बरं दिसत नाई. अन् तुमच्या तोंडाकडे पाहवत नाई मले." व्याह्यांनी पत्ते भिरकावले ते थेट कढीच्या गंजात. लग्न मोडायची वेळ आली होती, राजेहो! ताईंनी, म्हणजे याच्या बायकोनं, मधे पडून निभावून नेलं.

साऱ्या जगात या ताईंसमोरच हा माणूस सभ्य होता. मी डोळ्यांनी पाहिलंय, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता. दुपारच्या जेवणानंतर दोघं ओसरीवर दोन डाव खेळत. तेव्हा हा खर्रा थुंकून, चूळ भरून यायचा. दुपट्ट्याला हात पुसायचा, ताठ बसायचा, बोट जिभेपर्यंत जायचं नाही. "तुमची चाल," एवढंच बोलायचा, तेही बायकोला अहो-जाहो करून. आणि दर वेळी हरायचा. ताई चिंचोके पदरात घालून हसत आत जायच्या. मी चिडून विचारलं, "यांना का नाही चिडवत?" तर म्हणे, "चिडवून जाऊ कुठी? जेवाले तर घरीच यायचं हाये."

मागच्या हिवाळ्यात ताई गेल्या. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं.

उन्हाळ्याच्या तोंडाला भाचीचा, म्हणजे याच्या पोरीचा, फोन आला. ती अकोल्याहून बापापाशी येऊन राहिली होती. म्हणाली, "मावसाजी, बाबा लय चांगलं वागून राहिले. मले भेव लागून राहिलं." मी म्हटलं, अगं, चांगलं वागतात तर बरंच आहे की. तर ती रडायलाच लागली. "दोन घास खातात अन् ताट सरकवतात. कोनाले काई म्हनत नाईत. वजन पाहा किती उतरलं त्याहिचं. डॉक्टर म्हनते, असंच चाललं तर दवाखान्यात टाका लागन. तुमी या, अन् भांडा त्याहिच्याशी."

गेलो. दर्यापूरमार्गे एसटीनं, पिशवीत पत्त्यांचा जोड आणि चिंचोके घेऊन. दारातच साडभाऊ म्हणाला, "या, बसा. प्रवास ठीक झाला ना?" या माणसानं तीस वर्षांत माझ्या प्रवासाची चौकशी केली नव्हती! सतरंजी टाकली. हा हात धुऊन आला, दुपट्ट्याला पुसले, ताठ बसला. "साडभाऊ, तुमची चाल."

मला असा राग आला म्हणता! ताईंसमोर जसा खेळायचा, तसा हा आता माझ्यासमोर खेळत होता. मी काय नाही केलं? बोट चाटून पत्ते वाटले. चहा बशीतून फुर्र करून ओढला, कपड्यांवर सांडला. रोडग्यांचं उकरून काढलं, व्याह्यांची कढी काढली, त्याच्या जिनिंगच्या नोकरीपर्यंत गेलो. म्हटलं, "जन्मभर दुसऱ्याचा कापूस जोखला, स्वतःची अक्कल कधी जोखली का?" तर हा शांतपणे म्हणतो, "बरोबर हाये तुमचं." बरोबर हाये! याला माझं काही बरोबर वाटावं? आत भाची पोळ्या लाटत होती, तिचं लाटणंही थांबून थांबून ऐकत होतं. मी हरत नव्हतो, जिंकत होतो, आणि दर डावाला त्याचे चिंचोके माझ्याकडे येत होते. जन्मात एवढे चिंचोके जिंकले नव्हते मी, आणि एवढा कधी रडवेला झालो नव्हतो.

मग तो डाव आला. पत्ते उचलले तर तीन एक्के. तीन पत्तीत याच्या वर काही नाही, आणि मला ते जन्मात पहिल्यांदा आले होते. समोर बघितलं. त्यानं पत्ते न बघताच उरलेसुरले चिंचोके मधे सरकवले होते आणि तो भिंतीकडे बघत बसला होता. सदऱ्याची गळपट्टी मानेभोवती सैल झाली होती. मला वाटलं, जाऊ दे, एक डाव तरी घेऊ दे बिचाऱ्याला. म्हटलं, "पॅक," आणि पत्ते पालथे टाकले.

तो पत्ते गोळा करायला लागला. आणि त्या दुपारी पहिल्यांदाच त्यानं माझे टाकलेले पत्ते उलटून पाहिले.

"तीन एक्के?" तो म्हणाला. मग पुन्हा, घर हादरेल असा, "तीन एक्के पॅक करतं बे? कीव करून राहिला माह्यावर? तू? रोडगे जाळनारा तू?" मीही ओरडलो, "हो, करतो कीव! काय करशील?" "अबे, तुयी लायकी हाये का कीव कराची? ते काय सोपं काम वाटलं तुले?" पत्ते उडाले, चिंचोके पार न्हाणीपर्यंत गेले. भाची कणकेच्या हातानं धावत बाहेर आली. हा उठून उभा राहिला, माझ्याकडे बोट केलं आणि आतल्या दाराकडे तोंड करून गरजला, "ऐकलं का वं? तुया बहिनीच्या नवऱ्याचं ऐकलं का?"

दारात कुणी नव्हतं. तो तसाच उभा राहिला. मग भाची म्हणाली, "हो बाबा, ऐकलं. बसा आता." तो बसला. मग म्हणाला, "वाढ माय, भूक लागली. अन् या भिकाऱ्यालेही वाढ." चार पोळ्या खाल्ल्या त्यानं. मी मोजत नव्हतो, भाची मोजत होती.

आता तो पुन्हा होता तसा नीच झालाय. मी महिन्यातून एकदा अकोटला जातो आणि तणतणत परत येतो. माझे तीन एक्के त्यानं अख्ख्या गावाला सांगितलेत. भाजीवाली मला विचारते, "तुमीच काय जी ते?" त्याचं नाव काढलं तरी माझं डोकं फिरतं. पण मधेच एखाद्या दुपारी तो उठतो, चूळ भरून येतो, दुपट्ट्याला हात पुसतो आणि ताठ बसतो. "तुमची चाल," म्हणतो. तो डाव त्याला हरायचा असतो, आणि मी तो मुकाट्यानं जिंकून घेतो.