पश्चिम जर्मनी, मार्गे उल्हासनगर

लोकांची परदेशप्रवासाची वर्णनं विमानतळावर सुरू होतात. माझं बदलापूरच्या एस.टी. थांब्यावर सुरू होतं आणि, आधीच सांगून टाकते, तिथेच संपतं.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. मी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला, विषय रसायनशास्त्र. आमच्या सरांनी पश्चिम जर्मनीतल्या एका विद्यापीठात वर्षभर शिकायला माझं नाव सुचवलं काय आणि तिकडून होकार आला काय! राहणं-खाणं त्यांच्याकडे. सोमवारी सरांना हो की नाही तेवढं सांगायचं होतं. बाबा म्हणाले, "तू ठरव." आईने एवढंच विचारलं, "दोन जर्मन्या आहेत म्हणे. तुझी कुठली?" आणि ती डबे घासत बसली, आदल्याच दिवशी घासलेले.

"ठरेल तेव्हा ठरेल, कोट तर बघून येऊ," म्हणत बाबांनी रविवारी सकाळी आम्हा दोघींना बाहेर काढलं. गरम कोट म्हणजे उल्हासनगर, याबद्दल आमच्याकडे दुमत नव्हतं. मे महिना होता. एस.टी.च्या सीटवर हात टेकवत नव्हता आणि आम्ही निघालो होतो लोकरीच्या खरेदीला.

अंबरनाथला उतरलो, कारण आईला आधी देवळात जायचं होतं. बाबांची नोकरी इथल्याच रंगाच्या कारखान्यात, त्यामुळे चौकापासून नमस्कार-चमत्कार सुरू. "लेक जर्मनीला चाललीय," बाबा कुणी न विचारताच सांगत होते. दरवेळी आई मागून म्हणायची, "अजून ठरलं नाही हो."

काळ्या दगडाचं जुनं शिवमंदिर. शेजारून वाहणाऱ्या वालधुनीला कारखान्यांचा उग्र वास, आत गेलं की मात्र गारवा. गाभारा खोल आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. आई उतरली ती बराच वेळ वर आलीच नाही. वर आल्यावर मी विचारलं, "काय मागितलंस?" "तुला काय करायचंय? देवाचं देवापाशी."

तिथून टांगा केला. कॅम्प नंबर एक (फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांची वसाहत, सगळं शहरच अशा कॅम्पांमध्ये वाटलेलं आहे) आला तसा रस्ता अरुंद झाला. दुकानाला दुकान खेटलेलं, गच्च्यांवर पापड वाळत घातलेले, प्रत्येक दारातून शिलाई मशीनचा आवाज. बाबांनी दाल-पकवान (कडक तळलेल्या पुरीवर घट्ट चणाडाळ) खाऊ घातलं. माझा पहिलाच पकवान हातात फुटला आणि डाळ थेट ओढणीवर. आईने पाण्याने डाग पुसला आणि म्हणाली, "तिकडे कोण पुसणार आहे?"

शिंपीमास्तरांचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत. आम्हा तिघांपैकी थंडी कुणी पाहिली होती? आईचा हट्ट, की कोटात साडी मावली पाहिजे. म्हणून एक ढगळा तयार कोट माझ्या अंगावर चढवून बघितला. बाबांनी तर कहर केला. थंडीत कुणी पंखा लावत नाही म्हणून दुकानातला पंखा बंद करायला लावला. "साहब, बेहोश हो जाएगी!" मास्तर हसू दाबत म्हणाले. मी घामाने निथळत होते. पण आरशात पाहिलं आणि पाहतच राहिले. ती बाई माझ्या ओळखीची नव्हती आणि मला ती फार आवडली होती.

दुकानाच्या कोपऱ्यात खाटेवर मास्तरांच्या आई बसल्या होत्या. सगळे त्यांना अम्मा म्हणत. त्यांनी विचारलं, "किधर जाती है?"

"जर्मनी. एक साल के लिए."

"एक साल!" त्या हसल्या. "हम भी सिंध से निकले तब बोले थे, दो महीने में वापस आएँगे. मैं तो पीपे में आटा भरके आई थी, आते ही रोटी बनाऊँगी बोलके. चाबी पड़ोसन को दी."

"मग?" आईने चक्क मराठीत विचारलं. "परत गेलातच नाही?"

अम्मांनी फक्त हात हलवला. आईचा चेहरा उतरला. माप झालं, विसार दिला, आम्ही निघालो.

परतीच्या एस.टी.त आई खिडकीशी बसली. बदलापूर जवळ आलं तेव्हा एकदम म्हणाली, "त्या पिठात किडे पडले असतील ना गं?"

थांब्यावर उतरले आणि म्हटलं, "आई, मी नाही जात."

"मी काही म्हटलं का तुला?"

"नाही."

खरंच म्हटलं नव्हतं. बाबा निघून गेलेल्या गाडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं." सोमवारी मी सरांना नाही म्हणून सांगितलं आणि माझ्या जागी वर्गातला एक मुलगा गेला.

विसार दिलेला, म्हणून पुढच्या महिन्यात कोट आणायला एकटीच गेले. अम्मा खाटेवरच होत्या. "अरे, तू गई नहीं?"

मी सगळं सांगितलं. त्यांचं पीठ, आईचा चेहरा, सगळं. त्या अशा काही भडकल्या की मास्तरांनी मशीन थांबवलं. "मेरा और तेरा एक है क्या? हमको निकाला था, बेटी. तुमको बुलाया था!"

मग जरा शांत झाल्या. कोट स्वतःच्या हातांनी मला घातला, वरपासून खालपर्यंत बटणं लावली आणि बराच वेळ बघत राहिल्या. मी तिथेच रडले, त्या कोटाच्या बाहीत तोंड खुपसून.

घरी आले. आई दारातच उभी होती. "काय म्हणाल्या गं त्या आजी?"

जिभेवर आलं होतं. पण म्हटलं, "कोट छान बसलाय म्हणाल्या."

पुढे दोन्ही जर्मन्या एक झाल्या, आमच्या बदलापुरात शेतांच्या जागी इमारती आल्या, आणि मी बाबांच्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागले. वाईट चाललंय असं नाही. पण मला जायचं होतं. हे एवढंसं वाक्य त्या रविवारी देवळात, टांग्यात, एस.टी.त, कुठेही बोलता आलं असतं, आणि त्याची हळहळ अजून जात नाही. दर मे महिन्यात आई ट्रंकेतून कोट काढते, गच्चीवर उन्हात टाकते, संध्याकाळी नव्या डांबरगोळ्या घालून परत ठेवते. परवा घडी घालता घालता म्हणाली, "एकदा तरी घालायला हवा होतास गं."