आप्पांचा गिअर

गिअर दुरुस्तीची वही ठेवायला लागलो, तेव्हा तिच्यात फक्त तारीख, सायकल कोणाची आणि बिघाड काय, एवढंच लिहायचं ठरवलं होतं. पण दुरुस्तीला वेळ लागतो आणि समोरचा माणूस गप्प बसत नाही. मी मान खाली घालून बारीक स्प्रिंगा हुडकत असतो, त्यामुळे आपलं कोणी ऐकतंय असं त्याला वाटतच नाही. असं होता होता बिघाड एका ओळीत आणि माणूस दोन पानांत, अशी वहीची गत झाली.

आमचा कंपू चौघांचा. रविवारी सकाळी सायकलींवर बारामतीहून निघायचं, इंदापूरला चहा घ्यायचा, परत यायचं. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक. गीते वकील आणि शाळेत शिकवणाऱ्या माने मॅडम, हे दोघं. चौथे कऱ्हाटीचे आप्पा. घरचा ऊस, दोन म्हशी; आमच्यात वयानं सगळ्यांत मोठे आणि चढावर सगळ्यांच्या पुढे.

रोड सायकलला ब्रेक आणि गिअर हँडलवरच्या एकाच दांडीत असतात. तिला शिफ्टर म्हणतात. आत नखाएवढे दाते आणि त्यांत अडकणारे खटके. दाते झिजले की दांडी नुसती हलते, गिअर जागचा हलत नाही.

*

पहिला शिफ्टर उघडला तो माझा स्वतःचा. झाकण काढलं आणि एक स्प्रिंग उडाली. दोन दिवस मी जुन्या स्पीकरचं लोहचुंबक घेऊन घरभर रांगत होतो. तिसऱ्या दिवशी तांदूळ निवडताना ती बायकोला सापडली. तिनं ती माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाली, "भातात आली असती तर दात गेला असता. यापुढं काय उघडायचं ते परातीत उघडा."

तेव्हापासून सगळं परातीतच उघडतो. स्वयंपाकघरात नवी परात आली आहे.

*

थंडीत वकिलांचा शिफ्टर जड चालायला लागला. मला न विचारता ते शेतावर गेले आणि ट्रॅक्टरचं ग्रीस, गन लावून, फटीफटीतून बाहेर येईपर्यंत भरलं. पुढच्या रविवारी दांडी लोण्यात सुरी फिरावी तशी फिरत होती आणि गिअर मात्र एकही बदलत नव्हता. खटके ग्रीसमध्ये रुतून बसले होते.

किती घातलंत, असं मी विचारलं. वकील जरा दुखावल्यासारखे झाले. "ट्रॅक्टरला आम्ही कधी कमी घातलंय का, विलासराव?"

तीन संध्याकाळी रॉकेल आणि दातांचा ब्रश घेऊन बसलो. वहीत बिघाडाच्या जागी काय लिहावं ते सुचेना. शेवटी लिहिलं, 'माया.'

*

माने मॅडमची गोष्ट गुऱ्हाळावरून परत येतानाची. गरम गूळ हातावर घेऊन खाल्ला, हात नुसते झटकले आणि निघालो. पुढच्या रविवारी त्यांच्या शिफ्टरच्या रबराखालून मुंग्या निघून मनगटावर चढत होत्या. मॅडम फुंकर मारून त्या उडवत इंदापूरपर्यंत आल्या. चहाच्या टपरीवर मी रबर उलटलं, तर आत अंड्यांसकट अख्खा संसार.

मी बाटलीतलं रॉकेल काढलं. मॅडमनी हात आडवा घातला. आधी त्यांना जाऊ द्या, म्हणाल्या. मग सायकल लिंबाच्या बुंध्याला टेकवली आणि आम्ही वाट बघत बसलो. तासाभरानं आप्पांनी कपबशी खाली ठेवली.

"मुंग्यांच्या बदलीची ऑर्डर निघाली का न्हाय अजून, मॅडम?"

*

मागच्या वर्षी कडबा कुट्टीच्या मशीनमध्ये आप्पांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. अंगठ्याशेजारची दोन. शिफ्टरची दांडी आत ढकलायला नेमकी तीच लागतात.

आम्ही भेटायला गेलो. म्हशींवर बोललो, उसावर बोललो. सायकल पडवीत गोणपाटाखाली होती. तिच्याकडे कोणी बघितलं नाही.

काही महिन्यांनी आप्पा ती टेम्पोत घालून माझ्याकडे आले.

"विलास, हिचा गिअर नीट कर. इंदापूरच्या एका सरांना द्यायची ठरलीय. बिघडलेली वस्तू मी कुणाला देत न्हाय."

उजवा शिफ्टर परातीत उघडला. दाते झिजून गोल झाले होते. तो भाग आता मिळत नाही. हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. आप्पांना आठव्या दिवशी सांगितलं. मधल्या दिवसांत वकिलांनी वडिलांच्या जुन्या रेसिंग सायकलची गिअरची दांडी शोधून आणली. तिच्यात दाते नाहीत, खटकाही नाही. जिथं सोडाल तिथं थांबते. गिअर बसला की नाही, ते साखळीच्या आवाजावरून ओळखायचं.

ती मी हँडलच्या डाव्या बाजूला बसवली. या दांडीशिवाय दुसरा उपाय नव्हता, असं आप्पांना सांगितलं आणि ते खरं होतं. उजव्या बाजूलाही ती बसली असती, हे सांगितलं नाही. वहीत मात्र लिहून ठेवलं.

आप्पांनी गल्लीत एक फेरी मारली. साखळी सगळा वेळ खडखडत होती. उतरून त्यांनी ती दांडी बराच वेळ न्याहाळली.

"डाव्या हातानं जेवायला शिकलो," ते म्हणाले. "आठ दिस ऱ्हाऊ दे माझ्याकडं. मग देऊ सरांना."

आठाचे चाळीस दिवस झाले.

*

शेवटी तो रविवार आला. सायकल पोचती करायची म्हणून आप्पा तिच्यावरच निघाले. परत येताना एसटीनं येणार होते.

सर स्टँडजवळच्या मैदानात उभे होते. तरुण, नम्र माणूस, नवं हेल्मेट घालून आलेला. त्यांनी आप्पांना वाकून नमस्कार केला आणि मैदानाला दोन फेऱ्या मारल्या. साखळी उड्या मारत होती, करकरत होती. उतरले तेव्हा बिचाऱ्यांचा चेहरा पडला होता.

"आप्पा, राग मानू नका, पण हिचा गिअर बसत नाही."

मी समजावून सांगायला तोंड उघडलं. वकिलांनी माझ्या पायावर पाय दिला.

आप्पांनी सायकल घेतली. एक फेरी मारली. डाव्या हाताखाली दांडी तांदळाएवढी वर, तांदळाएवढी खाली होत होती. मागच्या मोठ्या दातेरी चकतीपासून लहानीपर्यंत आणि परत मोठीपर्यंत एकेक गिअर बसत गेला. टायरखालच्या मातीशिवाय कशाचा आवाज नव्हता. सर आमच्या घोळक्यात उभं राहून ऐकत होते.

आप्पा त्यांच्यासमोर येऊन थांबले. एक पाय खाली टेकवला.

"खरंय तुमचं, सर," ते म्हणाले. "न्हाय बसत."

आणि सायकल बारामतीच्या रस्त्याला वळवली.