दुसरी सीट

आमच्या जुन्या रेसच्या गाडीचे आजवरचे मालक शोधायला पुण्याहून एक गृहस्थ आले होते. एक संस्थानिक, एक गोरा साहेब, एक गिरणीमालक आणि शेवटी माझे वडील, अशी साखळी त्यांनी मोठ्या चिकाटीनं जुळवली. मग ड्रायव्हरशेजारच्या सीटवर हात ठेवून ते म्हणाले, “गाडी मूळ रूपात आणायची तर ही मात्र काढावी लागेल. मुळात ही गाडी एकाच माणसानं बसायची.”

लग्न झाल्यावर वडिलांनी ती सीट आईसाठी वेल्डिंग करून बसवली होती. गावात हसं झालं, तेव्हा ते म्हणाले होते, “एकट्यानं पळवायची गाडी घेऊन मी जाणार कुठे?”

त्या ओबडधोबड वेल्डिंगकडे मी बघत राहिले. गाडीचा इतिहास म्हणजे कागदावर सह्या करणाऱ्यांचा इतिहास. शेजारी बसून केस विस्कटून घेणाऱ्यांचं नाव त्यात नसतं. आणि नाव नसलं की त्यांची जागासुद्धा कुणाला तरी जादाची वाटायला लागते.

आमचं बोलणं ऐकून आई काठी टेकत बाहेर आली. पदर खोचून त्या सीटवर ऐसपैस बसली.

“हं,” ती गृहस्थांना म्हणाली, “काढा आता.”