गोठ्याला घातलेला वळसा

स्वातंत्र्य मिळून थोडेच दिवस झाले होते. पाथर्डीकडच्या आमच्या गावात पंचायत येणार आणि बायकांनाही मत असणार, असं कळलं. वॉर्ड पाडायला कमिटी बसली. दोघं वरच्या आळीचे, दोघं खालच्या आळीचे, आणि मध्ये बिचारे शाळेचे मास्तर. वरच्या आळीचे पुढारी म्हणजे माझे सासरे, मामंजी. पंच व्हायची त्यांना भारी हौस. त्यापायी ते महिनाभर दाढीसुद्धा वेळेवर करत होते.

कमिटी आमच्याच ओट्यावर बसायची. एका कडुलिंबाच्या अलीकडून रेघ जावी की पलीकडून, यावर रोज हमरीतुमरी, आणि चहा करून करून माझा जीव जायचा.

मग एकदा मास्तरांनी सांगितलं की, लिहिता न येणाऱ्यांनी उमेदवाराचं नाव साहेबापुढे तोंडानं सांगायचं. तिथं दोन्ही पुढारी अडकले. वरच्या आळीत सगळी मामंजींची भावकी. बायको, सख्ख्या सुना, चुलत सुना, एकही बाई त्यांचं नाव घेणार नव्हती. खालच्या पुढाऱ्याची त्याच्या आळीत तीच गत.

जन्मात झालं नव्हतं ते एकमत घटकाभरात झालं. रेघेला असा वळसा दिला की मामंजींचा गोठा खालच्या वॉर्डात गेला आणि खालच्या पुढाऱ्याचं खळं आमच्या वॉर्डात आलं. उमेदवार त्याच वॉर्डात राहणारा लागायचा, म्हणून मामंजी गोठ्यातच राहतात आणि तो खळ्यातच, असं कमिटीनं ठरवून टाकलं. आता खालच्या आळीतल्या बायका मामंजींचं नाव घेतील, आमच्या आळीतल्या खालच्या पुढाऱ्याचं. आपापल्या बायकांची मतं एकमेकांना द्यायची, म्हणून दोघांनी खंडोबापुढे बेलभंडार उचलून शपथ घेतली. बायकांना कुणी विचारलंच नाही, याचा मला अजून राग येतो.

मतदानाला चावडीत आम्ही सुना धाकापोटी शत्रूचं नाव सांगून आलो. माझ्यामागे आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, होत्या. साहेबानं दोनदा विचारलं.

"ज्यांचं नाव घेता येत न्हाई, त्यांनाच माझं मत हाय," त्या म्हणाल्या.

ते इथे उभे नाहीत, असं साहेबानं समजावलं. "मग ऱ्हाऊ द्या," म्हणून त्या पदर सावरत बाहेर पडल्या. त्यांचं मत बाद झालं.

खालचा पुढारी आमच्या मतांवर थाटात निवडून आला. खालच्या आळीतल्या बायकांना मामंजींचं नाव घ्यायची रोजची सवय होती, पण ती शिव्यांसकट. त्यांनी हौसेनं उभ्या राहिलेल्या शिंप्याला पंच केलं.

मामंजी घरी आले ते तणतणतच. एकीनं तरी माझ्यासाठी तोंड उघडलं का, म्हणून त्यांनी सगळ्या सुनांना फैलावर घेतलं. मी न राहवून चावडीतलं सगळं सांगितलं. ते ओट्यावर बसले. मग चुलीकडे तोंड करून त्यांनी एका बाईला नावानं हाक मारली.

माझ्या सासूचं नाव काय, ते मला त्या दिवशी कळलं.