पहिला नंबर गावदेवीचा

पुंजा काकांबद्दल लिहायचं तर कोंबड्यांपासून सुरुवात करावी लागेल, कारण आख्ख्या मोखाड्यात दुसऱ्या कुणाच्या कोंबड्यांना आवक क्रमांक नाही. काका बत्तीस वर्षं सरकारी ऑफिसात आवक-जावक कारकून होते. आलेला प्रत्येक कागद एका वहीत लिहायचा, त्याला नंबर द्यायचा, गेलेला प्रत्येक कागद दुसऱ्या वहीत लिहायचा, बस, बत्तीस वर्षं हेच. रिटायर झाले तेव्हा शाल मिळाली, नारळ मिळाला, पण सवय कुणी काढून घेतली नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी दोन नव्या वह्या आणल्या आणि तेव्हापासून त्या घरात नंबर घेतल्याशिवाय काही आत येत नाही. कोंबडी, खराटा, पाहुणा, काही नाही.

मागच्या महिन्यात कमू काकी ओहोळावर घसरली आणि डावा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये गेला. दवाखान्यातून जीप आली तर काकीला उतरवायच्या आधी काकांनी वहीत लिहिलं, "प्लास्टर, एक नग, डावा पाय." काकी जीपमधूनच ओरडली, "अन् मला कोन लिहील?"

"तुझी नोंद चौऱ्याऐंशी सालची हाये," काका म्हणाले. "अजून चालू हाये."

मी शेजारी राहते म्हणून हे सगळं मला फुकटात बघायला मिळतं.

आता आमची खालची आळी ओहोळाच्या खड्ड्यात आहे. मोबाइलला रेंज शून्य. बोलायचं तर चढून वर पाण्याच्या टाकीपाशी जायचं, तिथे एक काठी येते, कधी दीड. त्यात काकांची मुलगी प्रतिभा ताई नाशिकला बाळंत झाली, मुलगी झाली, आणि काकीला घाटातून जीपने न्यायला डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. मग काकांनी केबलवाल्या मंगेशला बोलावलं. टीव्हीची जी वायर घरात होती त्याच वायरवर तो एक काळा डबा लावून गेला, चार लाईटवाला. मॉडेम. आवक क्रमांक एकशे एक्क्याण्णव.

जाताना मंगेश काकांच्या मोबाइलवर एक पान उघडून म्हणाला, "काका, हे सेटिंगचं पान. फक्त पासवर्ड बदला. बाकी कशाला हात लावू नका हां."

हे काकांना सांगायची गोष्ट होती का? काका दोन दिवस चष्मा लावून ते पान वाचत बसले, शासनाचा आदेश वाचावा तसे. आणि त्यांना एक ओळ सापडली की घरात जो मोबाइल येईल त्याला मॉडेम आपोआप नंबर देतो. काकांचं बीपी वाढलं. खरंच वाढलं, काकीने गोळी दिली.

"आपोआप? कोन आला, कुठून आला, काय काम हाये, काय विचारायचं नाय? डायरेक नंबर?"

त्यांनी ते आपोआप बंद केलं. मग प्रत्येक मोबाइलमध्ये नंबर हाताने भरायला लागले, आणि नंबर कुणाला द्यायचा तर अर्ज आल्याशिवाय नाही. मी पण दिला. लाज वाटली पण दिला, कारण माझा प्रोजेक्ट अडकला होता. "अर्जदार दिपिका, शेजारी, कारण बी.एस्सी. दुसरं वर्ष." मला चौदावा मिळाला. काकीला दुसरा आणि काकांना स्वतःला तिसरा, कारण काकी त्यांच्यापेक्षा तीन महिन्यांनी मोठी आहे, हे आळीला त्या दिवशी कळलं आणि काकी दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. पण नेट चालत होतं! मस्त चालत होतं. प्रतिभा ताईचं बाळ रोज दिसत होतं.

आता खरी गोष्ट. रविवारी नाशिकला बारसं. काकांच्या घरात बाळाचं नाव आईची आई कानात सांगते, आणि तोपर्यंत ते नाव दुसऱ्या कुणाला कळता कामा नये. नाव घराण्यातल्या कुणा गेलेल्या माणसाचं असतं, म्हणजे ते माणूस परत आलं असं. काकी नाशिकला जाऊ शकत नाही तर तिने ठरवलं होतं की मोबाइल बाळाच्या कानाला लावायचा आणि ती इथून सांगणार. नाव तिने पोटात ठेवलं होतं. काका तर कासावीस झाले होते. एक गोष्ट घरात आहे आणि तिची नोंद नाही!

"निदान मला तं सांग," ते म्हणाले.

"अर्ज करा."

त्यांनी केला. देवाशप्पथ केला. काकीने तो उशीखाली ठेवला आणि म्हणाली, "विचार चालू हाये."

पण प्रतिभा ताईच्या सासूबाईंनी पण एक नाव तयार ठेवलं होतं, त्विषा. त्या प्रेमळ आहेत, वाईट नाहीत, पण त्यांनी आधीच सांगितलं होतं की फोन नाही लागला तर मी सांगेन, बाळाला बिननावाचं ठेवायचं नाही. त्विषा ऐकल्यापासून काकी भाकरी थापताना पण पुटपुटायची, "त्विषा म्हनं. शिंकल्यासारखं."

रविवारी सकाळी साडेअकराला मी गेले तर काकी नवं लुगडं नेसून खाटेवर बसलेली, पाय उशीवर, केसात अबोली. काकांनी मोबाइल लावला. गोल फिरतंय. फिरतंय. वायफायच्या काठ्या पूर्ण, आणि खाली लिहिलेलं, इंटरनेट नाही. माझा मोबाइल, तेच. मॉडेमचे चारही लाईट हिरवेगार, काही झालंच नाही अशा तोंडाने.

मी धावत टाकीपाशी. ताईला फोन. "ताई थांबा, नेट गेलंय!"

"अगं साठ माणसं जेवायची थांबलीत," ताई रडायच्या बेतात. "सासूबाई म्हणतात साडेबारापर्यंत. मग त्या सांगतील."

धावत खाली. मंगेशला वरूनच लावला होता, फोन बंद, रविवार. मला काही सुचेना, मी सेफ्टी पिन घेतली आणि मॉडेमच्या मागचं ते बारीक भोक दाबायला गेले, रीसेट. काका आडवे आले, खरोखर आडवे, दोन्ही हात पसरून.

"सगळ्या नोंदी पुसतील! बत्तीस वर्षांत माझ्या हातून एक नोंद पुसली नाय!"

"काका, काकीचं बारसं जातंय!"

"माझं नाय, पोरीचं," काकी खाटेवरून म्हणाली. "मला वर टाकीपाशी न्या ना."

काका म्हणाले, "झोळी करतो. चार जन उचलू."

"झोळीतनं मानसं दवाखान्यात नेतात. मी बारशाला झोळीत जानार नाय. चढावर एखाद्याचा पाय घसरला तं दुसरं प्लास्टर. परत लिहीत बसाल."

बारा वाजून पाच. मी म्हटलं, "काका, काल चालू होतं. कालपासून तुम्ही काय केलंत? खरं सांगा."

काकांनी मग वही उघडली, आणि चोरी पकडलेल्या पोरासारखं बोट ठेवलं. शनिवार, सायंकाळ. "क्रमांक एक, गावदेवी."

झालं असं होतं की शनिवारी काकी म्हणाली होती, नवा भात आला की पहिला घास गावदेवीला देतो, मग आपण खातो. उद्या या नव्या डब्यावर पहिलं शुभकार्य आहे आणि देवीला काहीच दिलं नाही. तिला म्हणायचं होतं नारळ. काकांनी देवीला नंबर दिला! पहिला. आता पहिला नंबर होता खुद्द मॉडेमचा. तर काकांनी सेटिंगमध्ये जाऊन मॉडेमला तिथून उठवलं आणि तीस नंबर दिला, सगळ्यात शेवटी. समोर शेरा लिहिला होता, "मॉडेम हा शिपाई असल्याने."

मी कपाळावर हात मारला. कारण आमच्या सगळ्या मोबाइलमध्ये भरलेलं होतं की बाहेर जायचं तर एक नंबरच्या दारातून. मॉडेम तीस नंबरवर बसलाय, आणि आमचा प्रत्येक निरोप जातोय गावदेवीच्या दारात. आणि देवी काही नाशिकला फोन जोडून देत नाही.

"काका, देवीचा नंबर परत घ्या, पटकन!"

"दिलेला परत?" काकांनी वही छातीशी धरली. "देवीकडनं?"

"मी नारळ म्हनले होते," काकी म्हणाली. "नारळ! पन आता दिलाय तं दिलाय. परत नाय घ्यायचा." आणि मग तिच्या डोळ्यात पाणी आलं. एवढी बोलणारी बाई, नुसती उशीवरच्या पायाकडे बघत बसली. "ऱ्हाऊ दे. त्विषा तं त्विषा."

मला असं झालं ना, मी पण रडायला लागले. आणि रडता रडताच डोक्यात आलं की अरे, देवीला कशाला हलवायचं? मोबाइललाच सांगायचं की बाबा, दार तीस नंबरला आहे!

"काका, देवी एकवरच राहू दे. आपण बाहेर जायला थेट तीस नंबरकडे जाऊ."

काका ताठ झाले. "म्हंजे मोठ्याला सोडून शिपायाकडं?"

"तुमच्या ऑफिसात काम करून घ्यायचं असलं तर लोक कुणाकडं जायचे?"

काका विचारात पडले. बारा वाजून अठरा मिनिटं झाली होती आणि हा माणूस बत्तीस वर्षं आठवत होता.

"...शिपायाकडं," ते शेवटी म्हणाले. "मी पन शिपायाकडंच जायचो."

मी काकीचा मोबाइल ओढला, सेटिंगमध्ये गेटवेच्या, म्हणजे त्या दाराच्या, ओळीत शेवटचा एक खोडून तीस केलं, सेव्ह. गोल फिरलं. फिरलं. आणि टुंग करून प्रतिभा ताईचं नाक दिसलं, एवढं मोठं, आणि मागे कुणीतरी ओरडलं, "लागला, लागला!" सासूबाई म्हणाल्या, "कधीपासून वाट बघतोय विहीणबाई, भात तिसऱ्यांदा गरम केला. सांगा लवकर."

काकीने डोळे पुसले आणि आम्हाला हाताने बाहेर हाकललं. काका दाराला कान लावणार तेवढ्यात आतून आवाज आला, "कान काढा तिथनं." तिकडे ताईने स्पीकर बंद करून मोबाइल बाळाच्या कानाला लावला. आत काकी काहीतरी पुटपुटली, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मग म्हणाली, "या आता."

आम्ही आत. नाशिकवाल्यांनी स्पीकर लावला. काकांनी पेन उघडलं. त्यांच्या आईचं नाव लाडकी, काकीच्या आज्जीचं रखमी, दोन्हीतलं एक असणार हे आळीत सगळ्यांना माहीत होतं.

"कमू," काकी म्हणाली.

कुणालाच कळेना. ताई म्हणाली, "आई, तुझं नाव नाही गं, बाळाचं सांग."

"बाळाचंच. कमू."

काका उडालेच. "अगं, गेलेल्या मानसाचं ठेवतात! जिवंत मानसाचं कोन ठेवतं?"

"मग काय मरायची वाट बघू? मेल्यावर मला ऐकू येनार हाये का, कमू कमू हाका मारताना?"

नाशिकला कुणीतरी फस्सकन हसलं. सासूबाई मग बारीक आवाजात म्हणाल्या, "हे मला सुचायला पाहिजे होतं."

आणि प्रतिभा ताई एकदम घाबरून म्हणाली, "आई, पण उद्या ही मोठी होईल, मस्ती करेल. मी तुझं नाव घेऊन हिला ओरडू कशी?"

"म्हनूनच तं," काकी म्हणाली, आणि पाय उशीवर नीट सरकवून बसली.