जनेल

किन्मोकुसेइच्या बारीक नारिंगी फुलांचा वास टोकियोजवळच्या इचिकावाच्या त्या नव्या वाचनालयात शिरला होता आणि आयुष्यात पहिल्यांदा मला तो नकोसा झाला. उद्घाटनाचं भाषण चालू होतं. बोलत होते आमचे पोर्तुगीज आर्किटेक्ट, ज्यांची रेखाटनं गिरवत मी पुण्याच्या कॉलेजात रेषा ओढायला शिकले आणि ज्यांच्या या एका इमारतीसाठी टोकियोच्या ऑफिसात दोन वर्षं राबले.

मच्छीमारांच्या गावात धक्क्याच्या पायऱ्या बांधण्यापासून त्यांची सुरुवात झाली. पुढे संग्रहालयं आली, मानसन्मान आले, तरी आग्रह एकच राहिला: माणूस कुठे टेकतो ते आधी पाहावं, भिंत मागाहून उभी करावी. म्हणूनच त्यांनी मला विचारलं होतं, तुमच्या घरी कोण कुठे बसायचं? असं मला कुणीच कधी विचारलं नव्हतं. मी हरखून वेंगुर्ल्याच्या आमच्या घरातली खिडकी कागदावर काढून दाखवली: जमिनीपासून हातभर उंचीवर, रुंद बैठकीची, अंथरुणाला खिळलेल्या आईला पडल्या पडल्या रस्ता दिसावा म्हणून बाबांनी मुद्दाम खाली उतरवून घेतलेली. "जनेल लावू नको गो, मगे रस्तो कसो दिसतलो?" हे तिचं रोजचं वाक्यही सांगितलं. 'जनेल' ऐकून ते लहान मुलासारखे हसले. तो शब्द त्यांच्याच भाषेतून कोकणात आलेला.

आता तीच खिडकी वाचनालयाच्या पश्चिमेच्या भिंतीत होती, आश्विनातलं मऊ ऊन तिच्या बैठकीवर येऊन टेकलं होतं, आणि ते सांगत होते की ही त्यांच्या गावच्या घराची आठवण आहे. टाळ्या वाजल्या. सवयीने मीही वाजवल्या, याची चीड अजून गेलेली नाही.

नंतर गाठून विचारलं, तर शांतपणे म्हणाले, "शब्द आमचा, मग खिडकी कुणाची?"

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. त्यांच्या ऐकण्याला मी आदर समजत होते; ते मापं घेत होते.

उरायासुला घरी आले. सात वर्षांची मुक्ता गृहपाठ करत होती. वाऱ्याने तिचे कागद उडाले, तशी मान वर न करता जपानीत म्हणाली, "आई, मादो शिमेते."

आजी याला जनेल म्हणायची, असं तिला सांगावं म्हणून मी तोंड उघडलं आणि त्यांचं 'शब्द आमचा' आठवून अडखळले. "हो गं, लावते खिडकी," एवढंच म्हणाले.

आईची खिडकी वेंगुर्ल्यात अजून तशीच आहे, कुणी उचलून नेलेली नाही. शब्द तेवढा आता माझ्या तोंडी येत नाही.