कपाटातला भाऊ

लोकांचा 'ग' गणपतीचा असतो, माझा 'य' यकृताचा. हसू नका, खरं सांगून राहिले. शाळेत गेले होते मी, दुसरीपर्यंत. पण तिथे जे शिकले ते सगळं धानाच्या बांधीत रोवणीसोबत चिखलात गेलं. पुढे नवरा वारला आणि मी सरकारी दवाखान्यात झाडू-पोछ्याला लागले. तिथल्या चीरघराची किल्लीही माझ्याच कमरेला आली, कारण दुसरं कोणी घ्यायला तयार नव्हतं. अक्षरं मी त्या खोलीतल्या बरण्यांवर शिकले.

चीरघर म्हणजे जिथे मेलेल्याला उघडून पाहतात ती खोली. माणूस कशाने गेला ते डॉक्टरांना नुसतं पाहून कळलं नाही, की पोटातले थोडे थोडे तुकडे बरणीत घालून, लाखेचं सील लावून नागपूरच्या प्रयोगशाळेत पाठवतात. विष होतं का, दारू होती का, तिथे तपासतात. प्रत्येक बरणीवर चिठ्ठी असते. जठर. यकृत. मूत्रपिंड. मी पोछा मारता मारता एकेक अक्षर जुळवायची. वर्षभरात वाचायला लागले.

बरणीत मिठाचं पाणी ओतायचं काम माझं. मीठ साधंच, किराणा दुकानातलं. विरघळत जाईल तोवर घालत राहायचं, आणि तळाशी पांढरं बसायला लागलं की थांबायचं. बरणी गळ्यापर्यंत भरायची नाही, नाहीतर आत वाफ धरते आणि झाकण उडतं. पहिल्याच वर्षी माझ्या हातची एक उडाली. भर दुपार होती, मी एकटी होते, आणि मागे कपाटात कोणीतरी तोंड उघडल्यासारखा आवाज आला. त्यानंतर आठ दिवस मी त्या खोलीपुढून चपला हातात घेऊन जायची. आतल्याची झोप मोडू नये म्हणून.

दुसऱ्या वर्षी माझ्या हातून त्याहून मोठी चूक झाली. पोळ्याचा दिवस होता, दुकानं बंद, आणि दवाखान्यातलं मीठ संपलेलं. फळीवर स्पिरिटचा कॅन होता. स्पिरिटातही मांस टिकतं हे मी पाहिलेलं होतं. ओतलं. तेव्हा आमच्याकडे एक म्हातारे डॉक्टर होते. दुसऱ्या दिवशी सील लावायच्या आधी त्यांनी बरणी नाकाजवळ नेली. मग खाली ठेवली आणि मला म्हणाले, “मावशी, हा माणूस कशाने मेला म्हणतात?”

“पिऊन पडला म्हणतात, साहेब.”

“आणि मेल्यावर तुम्ही त्याला आणखी लिटरभर पाजली. आता नागपूरवाले कसे ओळखतील, त्याची कोणती आणि तुमची कोणती?”

ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते टेबलाशी बसले आणि बरणीत मीठ नाही, स्पिरिट आहे, असं स्वतःच्या हाताने कागदावर लिहिलं. त्या माणसाची बायको नंतर दोनदा दवाखान्यात येऊन गेली. ती काय विचारायला आली होती, हे मी तिला विचारलं नाही. भिंतीआड उभी राहिले.

त्या चुकीमुळे डॉक्टरांनी मला एक गोष्ट शिकवली. म्हणाले, “मावशी, मेलेल्याचं रक्तसुद्धा खोटं बोलतं. प्रेत दोन दिवस उन्हात पडलं की आतून सडायला लागतं, आणि सडताना ते स्वतःच दारू तयार करतं. तुमच्याकडे मोहफुलं मडक्यात सडवतात ना, तसंच.”

“ज्यानं जन्मात थेंब घेतला नाही, त्याच्याबी आंगात?”

“त्याच्याही.”

“मग खरं कोण बोलते?”

“डोळा,” ते म्हणाले. “डोळ्याच्या आतलं पाणी सगळ्यात उशिरा नासतं. दारूचं विचारायचं असेल, तर डोळ्याला विचारायचं.”

पुढे एकदा त्यांनी मला ते दाखवलंही. बारीक सुईने पाणी ओढून घेतलं, आणि मग तितकंच साधं पाणी परत आत भरलं, घरच्यांना डोळे खोल गेलेले दिसू नयेत म्हणून. घरच्यांना काही कळलं नाही. माझ्या मात्र मनात बसलं, की हा माणूस आता दुसऱ्याच पाण्यातून पाहत जाणार. तेव्हापासून बाजारात भाजी घेतानाही मी भाजीवालीच्या हाताकडे पाहत नाही, डोळ्यांकडे पाहते. सवय लागली.

आता माझ्या भावाचं सांगते.

माझ्याहून चार वर्षांनी लहान. माय लवकर गेली, म्हणून मीच वाढवला. मोठा झाला आणि मोहाच्या दारूला लागला. एकदा पिऊन स्वतःच्याच बांधीत तोंडावर पडला, तेव्हा भावजय भांडी बांधून माहेरी निघाली. तो माझ्या घरी धावत आला, आणि सरळ माझ्या डोक्यावर हात ठेवला.

“ताई, तुया डोक्याची शपथ. आता थेंब नाई.”

“माया डोक्याची कायले?” मी हात झटकला. “तुया डोक्याची घे ना, मेल्या!”

“माया डोक्याचा तिले भरवसा नाई.”

आमच्याकडे मानतात, की ज्याच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, ती मोडली तर तोच जातो. भावजयीने ते ऐकलं आणि भांडी सोडली. दोन वर्षं त्याने पाळली. लोकांना तेवढीच गंमत. बाजारात मला शिंक आली, तरी कोणीतरी म्हणायचं, “काऊन वं, भावानं मारली का काय एक?”

चैतात तो पहाटे मोहफुलं वेचायला जंगलात गेला आणि परत आला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सापडला. नाल्यातल्या दगडावरून पाय घसरून डोक्यावर पडला होता. गमछा तोंडावर आला होता, म्हणून मुंग्यांनी चेहरा सोडला होता. टोपली कलंडून फुलं त्याच्या अंगावर सांडली होती, दीड दिवस त्या उन्हात त्याच्यासोबत तापली होती. आणि वास येत होता. आंबट-गोड, भट्टीजवळ येतो तसा. तो वास फुलांचा की त्याचा, हे मला सांगता आलं नाही. मी दवाखान्यात इतकी वर्षं काढलेली बाई, मलाही नाही.

बाकीच्यांना लगेच सांगता आलं. “पिऊनच पडला.” कोणी म्हणालं, “दोन वर्षांची एकाच दिवशी काढली असल.” मग हळूहळू सगळ्यांच्या नजरा त्याच्यावरून माझ्यावर आल्या. माझ्या डोक्यावर.

भावजय रडली नाही. त्याचा एकच चांगला फोटो होता घरात, कचारगडच्या जत्रेत काढलेला. तो तिने साडीत गुंडाळून पेटीत ठेवला. मी म्हटलं, “अवं, फोटोले हार घालतात, पेटीत नाई घालत.”

“आधी मले कळू दे, ताई,” ती म्हणाली. “वचन मोडलं असल, तर भिंतीवर मी त्याले रोज कायले पाहू?”

सकाळी चीरघर मीच उघडलं. नवी डॉक्टरीण होती, तिकडे पुण्याकडची, नोकरीला येऊन सहा महिने झाले असतील. मेलेला माझा भाऊ आहे हे कळल्यावर म्हणाली, “मावशी, आज तुम्ही बाहेर थांबा.” मी दारात थांबले. आतून तिचा आवाज आला, ती लिहून घेणाऱ्याला सांगत होती: “दारूसारखा वास.” लिहिलं गेलं.

मी आत गेले. मिठाचा डबा पुढे केला आणि म्हटलं, “मॅडम, बरणीत मीठच घाला. आणि रक्त घेता तसं डोळ्याचं पाणीबी घ्या.”

ती माझ्याकडे पाहतच राहिली. “तुम्हाला कोणी सांगितलं?”

“एक चूक केली होती मी. तिनं सांगितलं.”

तिने सुई मागितली. मी भिंतीकडे तोंड केलं. मग म्हणाली, “स्वच्छ पाणी द्या थोडं.” वाटीत पाणी मी भरलं. म्हाताऱ्या डॉक्टरांसाठीही असंच भरलं होतं. त्या दिवशी वाटीतल्या पाण्यात खिडकी दिसत होती.

त्याला त्याच दुपारी आम्ही जाळला. पण सगळा नाही. पोटातले तुकडे माझ्या कपाटात राहिले, रक्त आणि डोळ्याचं पाणी बाजूच्या फ्रिजमध्ये. नागपूरला नेणाऱ्या पोलिसाची ड्युटी दुसरीकडे लागली होती. “आज नहीं मावशी, कल देखते,” तो रोज म्हणायचा. असे अकरा दिवस गेले. फडक्याने कपाटाची फळी पुसायची तर त्याच्या चिठ्ठीवरचं नाव डोळ्यापुढे यायचं. त्याचं नाव मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिलेलं वाचलं ते तिथे. शाळेत त्याला मीच पोचवून द्यायची, पण तेव्हा मला वाचता कुठे येत होतं?

आमच्या दवाखान्यामागून रेल्वे जाते. मालगाडी आली की कपाटातल्या बरण्या एकमेकींना लागून किणकिणतात, इतक्या वर्षांत मला त्याचं काही वाटत नव्हतं. त्या अकरा दिवसांत त्याची बरणी गाडीच्या आधी वाजायची. आधी ती, मग लांबून गाडीचा आवाज, मग बाकीच्या. मी तिला दोन्हीकडून कापसाचे बंडल लावले. तरी वाजली. शेवटी मीच म्हटलं, “आयकू आलं गा. थांब जरासा.”

दहाव्याच्या पिंडाला कावळा शिवेना. नदीवर ऊन चढत गेलं, कावळे समोरच्या झाडावर बसून राहिले. एकाने हळूच सुचवलं, “मोहाचे दोन थेंब शिंपडा, त्यातच जीव असल त्याचा.” भावजय पिंडापुढे जाऊन उभी राहिली. “शिंपडून तर पाय,” म्हणाली. कोणी हललं नाही. मला मात्र कावळ्यांचं बरोबर वाटत होतं. माणूस पुरा गेलाच नाही तर ते तरी काय शिवतील? पण हे तिथे कसं सांगू? शेवटी दर्भाचा कावळा करून शिवला.

मग पोलीस बरणी घेऊन गेला आणि मला ताप भरला. झालं! सगळं गाव मला पाहायला आलं. तब्येत विचारायला नाही, निकाल पाहायला. शेजारची म्हातारी तर खाटेजवळ बसून माझ्या केसांतच पाहत होती. मी म्हटलं, “काय पायतेस वं, उवा?” ती म्हणाली, “नाई बाप्पा, डोस्कं कुठून फुटते ते पायतो.”

भावजय रोज यायची. कपाळावर तळवा ठेवायची आणि बराच वेळ काढायची नाही. तिचा हात गार होता. ती माझा ताप पाहत होती की नवऱ्याचं वचन, ते मी तिला विचारलं नाही. सहाव्या दिवशी ताप उतरला. तिने हात काढला आणि म्हणाली, “जित्ती हायस.” मी म्हटलं, “हाव.” पण फोटो काही पेटीतून निघाला नाही. ताप तर उन्हाचाही येतो, ते तिलाही माहीत होतं. आणि मला आणखी एक माहीत होतं. बरणी नागपूरला गेली होती, तरी मालगाडीच्या आधी कपाटात अजून काहीतरी वाजत होतं. रिकाम्या फळीवर. आणि भावजयीच्या घरीही, गाडीच्या आधी एखादं भांडं.

रिपोर्ट आला तेव्हा धान कापून झालं होतं. डॉक्टरीणबाईने आम्हा दोघींना बोलावलं. कागद इंग्रजीत होता, तो मला वाचता येत नाही. ती वाचत होती, मी तिच्या डोळ्यांकडे पाहत होते.

“रक्तात थोडी दारू सापडली आहे,” ती म्हणाली.

भावजय उठायलाच लागली. मी तिचा हात धरून ठेवला. “आणि डोळ्यात?”

“डोळ्याच्या पाण्यात काहीच नाही.” तिने कागद खाली ठेवला. “जिवंतपणी प्यायले असते तर दोन्हीकडे सापडली असती. रक्तातली नंतरची आहे, उन्हात पडून तयार झालेली. ते प्यायले नव्हते.”

भावजयीने दोनदा विचारलं, “थेंबबी नाई?” डॉक्टरीणबाईने दोन्ही वेळा सांगितलं, नाही.

घरी येऊन तिने पेटी उघडली. फोटो काढला, पदराने काच पुसली, आणि पुसतापुसता रडायला लागली. सहा महिन्यांचं रडली. मी खिळा आणि वरवंटा घेऊन नुसती बसून होते. मग अचानक थांबून तिने विचारलं, “ताई, त्याच्या डोळ्याचं पाणी तर नागपूरले गेलं. मग आपण जाळलं तेव्हा त्याच्या डोळ्यात कोणाचं पाणी होतं?”

हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. दवाखान्यात कोणी बोललं असेल. खोटं बोलावंसं वाटलं, पण ती माझ्या डोळ्यांकडे पाहत होती.

“दवाखान्याचं,” मी म्हटलं. “मीच वाटीत भरून देल्लं होतं.”

तिने फोटोची काच पुन्हा एकदा पुसली. लांबून मालगाडीचा आवाज आला, आणि गाडी येऊन गेली तरी घरातलं एक भांडं वाजलं नाही.

“मंग ठीक हाय, तुया हातचं होतं,” ती म्हणाली, आणि माझ्या हातून खिळा घेतला.